तरंगता कट्टा

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? झुंबरं, काचेच्या लिफ्ट, कॅसिनो, पूलच्या काठावर छत्री खोचलेली ड्रिंक्स आणि 'फॉर्मल डिनर'साठी नेलेला, बॅगेच्या तळाशी चुरगळलेला सूट. थोडक्यात काय, तर एक फाइव्ह स्टार हॉटेल आडवं करून पाण्यात सोडलेलं!

आता जरा दुसरी बोट बघू. हिच्यावर कॅसिनो नाही, डान्स शो नाही, ड्रेसकोड तर नाहीच नाही. रात्री अडीच वाजता ती एका चिमुकल्या गावाच्या धक्क्याला लागते. बाजूचं भलंमोठं दार उघडतं, फोर्कलिफ्ट खडखडाट करत आत-बाहेर करते. कुणाचा तरी फ्रीज उतरतो, मासळीची खोकी चढतात. पाठीला सॅक लावलेली एक कॉलेजची मुलगी चढते, कॅफेतून कॉफी घेते, लाउंजमध्ये तुमच्या शेजारच्या खुर्चीत पाय पसरते आणि दोन तासांनी पुढच्या गावाला उतरून जाते. तुम्ही सातासमुद्रापलीकडून, लाखभर रुपये मोजून आलेले टूरिस्ट आणि ती निघालीय मावशीकडे. आणि गंमत अशी, की ती आहे म्हणूनच तुम्हाला या बोटीवर मजा येतेय!

ही बोट धावते नॉर्वेच्या किनाऱ्याला. हुर्टिगरूटेन हे तिचं प्रसिद्ध नाव. शब्दाचा अर्थ अगदी साधा, 'जलद मार्ग'. दक्षिणेला बर्गन, उत्तरेला पार टोकाला किर्केनेस, मध्ये थांबत थांबत एकूण ३४ बंदरं. जाऊन-येऊन १२ दिवस. आपल्या एसटीसारखी, फक्त पाण्यातून जाणारी आणि आत पियानो वगैरे असलेली. बोटींच्या आतल्या सजावटीबद्दल लिहायचं म्हटल्यावर लोक ग्लॅमरस क्रूझलायनरबद्दल लिहितात. मला मात्र हीच बोट घ्यावीशी वाटली. कारण हिच्या खुर्च्या, खिडक्या, दिवे बघितले की लक्षात येतं, बोटीचं वातावरण इंटिरिअर डिझायनर एकटा ठरवत नाही. बोटीवर कोण चढतं त्यावरही ते ठरतं.

आधी टपाल, मग टूरिस्ट

गोष्ट सुरू होते १८९३ साली. तेव्हा ट्रॉन्डहाइमहून वर हॅमरफेस्टला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागायचे आणि हिवाळ्यात चक्क पाच महिने! म्हणजे दिवाळीचं शुभेच्छापत्र गुढीपाडव्याला. सरकारला हवी होती बारमाही बोट. पण मोठ्या कंपन्यांनी हात वर केले. हिवाळ्यात उत्तर नॉर्वेत सूर्यच उगवत नाही, किनारा खडकांचा, आणि ट्रॉन्डहाइमच्या वर सगळे मिळून २८ दीपस्तंभ. कोण मरायला जाणार?

स्टोकमार्कनेस नावाच्या गावचा कॅप्टन रिचर्ड विथ म्हणाला, मी जातो. त्याने आणि त्याच्या वाटाड्याने आधीच्या सफरींत होकायंत्राच्या दिशा, वेग आणि वेळा लिहून ठेवलेल्या वह्या होत्या. त्या भरवशावर २ जुलै १८९३ ला त्याची 'वेस्टरॉलन' ही आगबोट निघाली आणि ६७ तासांत हॅमरफेस्टला पोचली. किनाऱ्यावरच्या माणसांसाठी तो त्यांचा हायवे झाला. टपाल, औषधं, कोळणींच्या टोपल्या, नवऱ्या मुली, शवपेट्या... सगळं याच बोटीने.

हे एवढं इतिहासपुराण का, तर बोटीच्या आतलं सगळं डिझाइन या एका गोष्टीतून येतं. ही मुळात कामाची बोट आहे. ऐश तिला नंतर चिकटली.

लाकूड, पितळ आणि वर्णव्यवस्था

जुन्या बोटी बघायच्या तर एक सॉलिड जागा आहे. त्याच स्टोकमार्कनेसमध्ये, धक्क्याला लागूनच, १९५६ ची 'फिन्मार्केन' ही अख्खीच्या अख्खी बोट जमिनीवर आणून ठेवलीय. उघड्यावर ऊन-बर्फ खाऊन ती खराब व्हायला लागली म्हणून २०२१ मध्ये तिच्याभोवती काचेची प्रचंड इमारत उभी राहिली. एखाद्या बाटलीतल्या बोटीसारखी, फक्त लाइफ साइज!

आत शिरलात की कळतं, तेव्हाच्या बोटींवर फर्स्ट क्लासचा दिवाणखाना वेगळा आणि खालच्या वर्गाचा वेगळा. वरच्यांना गुबगुबीत खुर्च्या, लाकडी पॅनेलिंग, पितळी कड्यांच्या गोल खिडक्या. खालच्यांना साधी बाकं आणि इंजिनाची घरघर. आपल्याकडच्या जुन्या आगबोटींवरही 'डेक'वाला कोण आणि 'केबिन'वाला कोण हे चढतानाच ठरायचं, तसंच.

या जुन्या पिढीतली १९६४ ची 'लोफोटेन' तर २०२० च्या अखेरपर्यंत या मार्गावर धावत होती. जेमतेम ८७ मीटर लांब, टीचभर केबिन, काही केबिनना बाथरूम कॉमन. पुढच्या डेकवर क्रेन, तीच माल उचलायची. आणि हीच तिची करमणूक! बंदर आलं की प्रवासी वरच्या कठड्याला लटकून क्रेनने उचललेली खोकी बघत बसायचे. आपल्याकडे रस्त्यात जेसीबी चालू असला की शंभर माणसं थांबतात ना, सेम टू सेम. नव्या, चकचकीत बोटी सोडून मुद्दाम 'लोफोटेन'चं बुकिंग करणारे चाहते होते. मोठ्या बोटीत जे लपवतात, म्हणजे दोर, साखळ्या, ग्रीसचा वास, ते सगळं इथे समोर होतं, हे त्याचं कारण.

खिडकी हाच हीरो

१९८० च्या दशकापर्यंत रस्ते आले, विमानं आली, टपाल आकाशातून जायला लागलं. मग बोट कशाला, असा प्रश्न उभा राहिला. उत्तर म्हणून १९९३ पासून नव्या पिढीच्या बोटी आल्या. 'कोंग हाराल्ड', 'रिचर्ड विथ', मग 'नॉर्डलिस', 'पोलारलिस', 'नॉर्डकाप', 'नॉर्डनोर्गे'. सुमारे १२० मीटर लांब, खाली चाळीसेक गाड्या आणि माल, वर हॉटेलसारख्या केबिन. क्लास-बिस गेले, सगळ्यांना सगळी बोट खुली.

या बोटींवरची सगळ्यात भारी जागा म्हणजे वरच्या डेकवर, नाकाशी असलेलं पॅनोरमा लाउंज. तिन्ही बाजूंनी काच. २००२ ची 'ट्रोलफ्योर्ड' आणि २००३ ची 'मिडनॅटसोल' यांच्यावर तर हे लाउंज दोन मजली केलं, म्हणजे काचेची भिंतच. आणि इथलं डिझाइन नीट बघा. खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून नाहीत, बाहेर तोंड करून आहेत. पाठी बुटक्या, म्हणजे मागच्यालाही डोंगर दिसावा. रंग फिके किंवा मातकट, कारण बाहेरच्या निळ्या-पांढऱ्याशी कुणी स्पर्धा करायची नाही. रात्री दिवे मंद. ते रोमँटिक वाटावं म्हणून नाही हं! आत लख्ख उजेड असला की काचेत स्वतःचंच थोबाड दिसतं, बाहेरचा ध्रुवीय प्रकाश दिसत नाही. रात्रीच्या एसी बसमध्ये हा अनुभव तुम्ही घेतलाच असेल.

याचा परिणाम भलताच मस्त होतो. तीस-चाळीस माणसं एका खोलीत बसलीयत आणि तरी शांतता. कुणी विणतंय, कुणी पुस्तक मांडीवर उपडं ठेवून डुलकी काढतंय, कुणी दुर्बिणीतून गरुड शोधतंय. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, थिएटरमध्ये असतात तशी. मध्येच कुणीतरी नुसतं बोट दाखवतं आणि सगळे उठून डावीकडच्या काचेला चिकटतात. ओळख-पाळख अशी होते. 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न नंतर येतो, आधी 'तो बघा!' येतं.

सजावटीतही किनाराच आत आणलेला. 'नॉर्डकाप'वर उत्तर नॉर्वेचे चित्रकार कार्ल एरिक हार यांची चित्रं आहेत. कोळी, होड्या, वादळं. २००२ मध्ये आलेल्या नव्या 'फिन्मार्केन'चं इंटिरिअर आर नूव्हो शैलीचं. याला कारण वाटेवरचं ऑलेसुंड हे शहर. १९०४ च्या आगीत ते जळून खाक झालं आणि पुन्हा बांधलं गेलं ते याच वेलबुट्टीदार शैलीत. २०१६ मध्ये काही बोटींचं मेकओव्हर झालं तेव्हा लाकूड, दगड आणि उत्तरेकडचे फिके रंग आले, मुख्य रेस्तराँचं नाव ठेवलं 'टॉर्गे', म्हणजे बाजारचौक, आणि बेकरीला तिथल्या रानफळाचं नाव दिलं, 'मुल्टे'. आपल्याकडे बोट काढली तर रेस्तराँचं नाव 'सी ब्रीझ' ठेवू. त्यांना स्वतःच्या चौकाचं आणि करवंदाचं नाव ठेवायला लाज वाटली नाही. सही की नाही?

जे दिसत नाही ते डिझाइन

बोटीचं इंटिरिअर म्हणजे फ्लॅटचं इंटिरिअर नाही, बॉस. इथे खोली हलते. म्हणून कॉरिडॉरभर दोन्ही बाजूंना हाताला येईल असा कठडा, जड फर्निचर जमिनीला जखडलेलं, फडताळाला खटके, बाथरूमच्या दाराला उंबरठा. वेस्टफ्योर्डसारखा उघड्या समुद्राचा पट्टा आला की हे सगळं का आहे ते दोन मिनिटांत कळतं, विशेषतः हातात सूपचं बाउल असेल तर!

केबिनही अशीच हुशार. साध्या केबिनमध्ये आठ-दहा चौरस मीटरचा हिशेब, म्हणजे आपल्या वन-आरकेच्या किचनएवढी जागा. त्यात दोन पलंग, दिवसा एकाचा सोफा होतो, दुसरा भिंतीत मिटतो. जाड पडदे, कारण जूनमध्ये आर्क्टिक वर्तुळाच्या वर रात्रभर ऊन असतं. भिंतीत एक छोटा स्पीकर, आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला की त्यावरून पुकारा होतो, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. अख्खी बोट पायजम्यावर जॅकेट चढवून डेकवर! कुणाचे केस विस्कटलेले, कुणाच्या पायात नुसते मोजे. सुटाबुटातल्या क्रूझवर ही धमाल बघायला मिळणार नाही.

पण एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगायला हवी. या बोटींवर गरमागरम, घरगुती लाकूड दिसतं ना, ते बऱ्याचदा पातळ पापुद्रा असतो, खाली न जळणारं पॅनेल. ७ एप्रिल १९९० ला ऑस्लोहून डेन्मार्ककडे निघालेल्या 'स्कँडिनेव्हियन स्टार' या प्रवासी फेरीला आग लागली. १५९ माणसं गेली. बहुतेकांचा जीव ज्वाळांनी घेतला नाही, धुराने घेतला. कॉरिडॉरच्या भिंतींवरचं लॅमिनेट जळून विषारी वायू निघाला आणि धुरात लोकांना वाट सापडली नाही. त्यानंतर प्रवासी बोटींच्या आतल्या साहित्याचे, स्प्रिंकलरचे आणि वाट दाखवणाऱ्या खुणांचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. आज कॉरिडॉरमध्ये जमिनीलगत जी चमकणारी पट्टी दिसते ती शोभेची नाही. धूर वर जातो, माणूस खाली वाकून रांगतो, तेव्हा त्याला दार दाखवायला ती आहे. पुढच्या वेळी कुठल्याही बोटीत पाऊल टाकलंत की आधी ही पट्टी कुठे जाते ते बघा. सेल्फी मग काढा.

कॉफीचा मग आणि कानामागे बर्फ

वातावरणाचं म्हणाल, तर या बोटीचं हृदय रेस्तराँत नाही, कॅफेत आहे. ते रात्री-बेरात्रीही जागं, कारण स्थानिक माणूस कुठल्याही वेळी चढतो. दोन-चार बंदरांपुरतं जायचं असेल तर केबिन न घेताही तिकीट मिळतं. इथे एक थर्मास-मग विकत घ्यायचा, मग सफर संपेपर्यंत कॉफी हवी तेवढी. तो मग हातात असलेली माणसं म्हणजे लांबचे प्रवासी, कागदी कपवाले म्हणजे गाववाले. एवढाच काय तो वर्गभेद उरलाय!

आर्क्टिक वर्तुळ ओलांडलं की डेकवर समुद्रदेवाच्या वेषात कुणीतरी येतं आणि तुमच्या कॉलरमधून डावभर बर्फ पाठीवर सोडतं. मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं लहान पोरांसारखी किंचाळतात. समोरून याच मार्गावरची दुसरी बोट आली की भोंग्यांनी एकमेकींना नमस्कार होतो, दोन्हीकडची माणसं हात हलवतात. आणि ट्रोलफ्योर्ड या खाडीच्या तोंडाशी, जिथे वाट जेमतेम शंभर मीटर रुंद आहे, तिथे कॅप्टन बोट अलगद आत घालतो आणि आतल्या आत फिरवतो. डोंगर इतके जवळ येतात की लाउंजमधली कुजबूजही बंद होते.

हे सगळं बघायला भारी वाटेल का, अशी शंका असेल तर एक किस्सा. १६ जून २०११ पासून नॉर्वेच्या सरकारी टीव्हीने 'नॉर्डनोर्गे' बोटीवरून बर्गन ते किर्केनेस अख्खा प्रवास लाइव्ह दाखवला. एडिट नाही, सासू-सून नाही. १३४ तास नुसती बोट, पाणी, डोंगर! तेव्हा देशाची लोकसंख्या होती पन्नास लाखांच्या आसपास आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी कधी ना कधी तो कार्यक्रम लावून बघितला. बंदराबंदरावर लोक बँड, झेंडे घेऊन उभे राहिले. टीव्हीवाल्यांना वाटलं होतं की आपण निसर्ग दाखवतोय. लोक मात्र आपल्या बोटीला बघायला आले होते.

मावशीकडे जाणाऱ्या मुलीचं काय?

आता खरा मुद्दा. पैसा कोण देतो? गावाहून गावाला जाणाऱ्या त्या मुलीच्या तिकिटावर एवढी बोट चालत नाही. टूरिस्ट पैसा आणतात, आणि सरकार कराराने पैसे देतं. त्या बदल्यात अट अशी, की बोट रोज निघायची, ३४ बंदरं घ्यायची आणि स्थानिक माणसांसाठी जागा राखायची. बोटमालकाला मनातून काय हवं असेल? छोटी बंदरं गाळावीत, कॅफेच्या जागी अजून चार स्वीट बांधावेत. टूरिस्टलाही रात्री तीनला फोर्कलिफ्टचा आवाज नको असतो. करार आहे म्हणून दार उघडतं.

२०२१ पासून हा मार्ग दोन कंपन्यांत वाटलाय. सात बोटी जुन्या हुर्टिगरूटेनच्या, चार हाविला या नव्या कंपनीच्या. हाविलाच्या बोटी गॅस आणि भल्यामोठ्या बॅटरीवर चालतात, आणि चारेक तास नुसत्या बॅटरीवर जाऊ शकतात. आतलं वातावरण त्यानेही बदलतं. पायाखालची थरथर थांबते आणि पहिल्यांदाच धबधब्याचा आवाज ऐकू येतो. त्यांनी बुफेही काढून टाकला, ताटं भरभरून टाकून द्यायचा प्रकार नको म्हणून. हे उत्तमच. पण बोट जितकी सुंदर होते, तितका एक धोका वाढतो. गाववाल्याला आपलीच बोट परकी वाटायला लागते. मऊ कार्पेटवर बर्फाने माखलेले बूट घेऊन जाऊ का नको, असं ज्या दिवशी त्याला वाटेल, त्या दिवशी ती बोट राहणार नाही, नुसतं हॉटेल होईल.

हे आपल्याला कळायला नॉर्वेलाही जायला नको. आपल्याकडे मुंबई-गोवा आगबोट होतीच की! जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला... आमची आजी अजून सांगते, 'अगो, डेकवर वळकटी पसरायची, शेजारणीच्या डब्यातलं खायचं, बोट लागली की लिंबू हुंगायचं, नि बंदर आलं की हलत्या बोटीतून पडावात उडी!' लाउंज नव्हतं, पॅनोरमा फुकट होता. धोकाही होता. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, किनाऱ्यावरच्या गावांत ती आठवण अजून ओली आहे. पुढे रस्ते आले, कोकण रेल्वे आली आणि ती बोट आपण विसरलो. नॉर्वेतही रस्ते आलेच होते. त्यांनी बोट ठेवली.

२०१८ मध्ये 'आंग्रिया' आली तेव्हा आपण सगळे खूश झालो होतो. १०४ खोल्या, पूल, बार, कान्होजींचं नाव. पण तिचा मुख्य फेरा होता मुंबईहून संध्याकाळी निघून सकाळी गोवा. कोकणचा अख्खा किनारा रात्री, झोपेत! २०२० मध्ये, करोनाच्या काळात ती बंद पडली. करोना नसता तर काय झालं असतं, ते सोडा. पण देवगडच्या आंबेवाल्याला किंवा मालवणच्या कॉलेजकुमाराला तिच्यात चढायचं काही कारणच नव्हतं, त्यामुळे ती थांबल्यावर त्यांचं काही अडलंही नाही. याउलट मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला सुरू झालेली रो-रो बघा. तासाभराचा प्रवास, आत गाड्या, वर एसी लाउंज. तिच्यावर अलिबागला बंगला असलेले साहेबही असतात आणि दुचाकीवरून सासरी निघालेलं जोडपंही. आणि एसीचं तिकीट काढलेली मंडळीसुद्धा बाहेर कठड्याला येऊन उभी राहतात. आपल्याला कट्टा आवडतो, बॉस! कुणीतरी तो आणखी खाली, वेंगुर्ल्यापर्यंत न्यायला हवा. थांबत थांबत.

जायचंच असेल तर...

• नॉर्वे शेंगेनमध्ये आहे, व्हिसा तोच. १२ दिवसांची रजा बॉस देणार नसेल तर अर्धा प्रवास करा. बर्गनहून वर किर्केनेसपर्यंत सहा रात्री, तिथून विमानाने परत. अगदीच खिसा फाटका असेल तर दोन-तीन बंदरांचं तिकीट काढा, लाउंज तेच आणि डोंगरही तेच.

• बोट लागत असेल तर केबिन मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे हेलकावा कमी. अगदी नाकाशी नको. बंदराला लागताना तिथले थ्रस्टर असे घुरघुरतात, की झोपेचं खोबरं.

• खिडकीवाली केबिन स्वस्तात दिसली तर नकाशा बघा. काहींच्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते. जन्मभर नारिंगी रंग नकोसा होईल.

• ध्रुवीय प्रकाश हवा तर हिवाळा, मध्यरात्रीचा सूर्य हवा तर जून-जुलै. दोन्ही एका ट्रिपमध्ये मिळत नाहीत, एजंट काहीही सांगू दे.

• मग विकत घ्याच. आणि रात्री एकदा तरी मुद्दाम उठून एखाद्या छोट्या बंदरावर खाली दाराशी जाऊन उभे राहा. कोण चढतंय ते बघा.